सोलापूरहून न्यूयॉर्क किती लांब? अंतर आणि प्रवासाचे तास स्वतः काढण्याची पद्धत

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्या बाळंतपणासाठी आई जूनमध्ये निघाली तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, एकूण लागतात तरी किती तास? मोबाइलवर बघितलं की कुणाला सोळा तास दिसायचे, कुणाला वीस. तिकिटावर मात्र रात्री दहाला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचायचं लिहिलेलं. म्हणजे अकराच तास! आई म्हणाली, "मला फक्त एवढं सांग, घराचं दार लावल्यापासून तिचं दार उघडेपर्यंत किती वेळ जाणार?"

तिचा प्रश्नच बरोबर होता. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून कागद घेऊन बसले आणि सगळं मांडलं. त्यानंतर गल्लीतल्या तीन-चार घरांनी आपापल्या प्रवासाचा हिशोब माझ्याकडून करून घेतला. तो हिशोब कुणालाही जमतो. दहावीचं गणित पुरतं.

आधी कागदावर ठिकाणं मांडा

पहिली ओळ विमानतळाची नको, घराची हवी. आमचं घर जुळे सोलापुरात. तिथून पहिलं मोठं विमान कुठून पकडायचं, यावर पुढचं सगळं ठरतं.

सोलापूरचं विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. त्याच्या धावपट्टीच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली. 2025 मध्ये इथून आधी गोव्याची आणि नंतर मुंबईची विमानसेवा सुरू झाली. ही विमानं छोटी आहेत, परदेशाचं विमान काही इथून सुटत नाही. म्हणून आपल्यासमोर तीन दारं असतात: मुंबई, हैदराबाद आणि पुणे. पुण्याहून परदेशी जाणारी थेट विमानं मोजकीच, त्यामुळे लांबच्या प्रवासाला खरी निवड पहिल्या दोघांतच होते.

मुंबई रस्त्याने साधारण चारशे किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत पुणे गाठायचं, मग द्रुतगती मार्ग, मग मुंबईची गर्दी. हैदराबादचं शमशाबाद विमानतळ तीनशेच्या आसपास. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी असा सरळ राष्ट्रीय महामार्ग 65 आणि पुढे शहरात न शिरता आउटर रिंग रोड थेट शमशाबादला नेतो. सवयीने आपण "मुंबईहूनच जायचं" असं गृहीत धरतो. घरातून गाडीने निघणार असाल, तर हैदराबाद आधी तपासा असं मी ठामपणे सांगेन. वाटेत पुण्यासारखं मोठं शहर लागत नाही, म्हणून रस्त्याच्या वेळेचा अंदाजही कमी चुकतो.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मुंबई सोयीची. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपलं की सकाळी दादर. पण विमान रात्री उशिराचं असेल तर अख्खा दिवस मुंबईत कुठे काढायचा, याचा विचार आधी हवा.

हवेतलं अंतर: आधी दोऱ्याने, मग आकड्यांनी

शाळेतला पृथ्वीगोल मी एका शनिवारी घरी आणला. त्याचा व्यास तीस सेंटीमीटर, म्हणजे घेर सुमारे 94 सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर साधारण 425 किलोमीटरचा झाला. शेजारच्या काकांचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. त्यांच्याकडून सुताचा हातभर धागा आणला, कारण शिवणाचा दोरा फार बारीक पडतो आणि गोलावरून घसरतो. धाग्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर नेलं आणि ताणलं.

ताणल्यावर धागा आपोआप सरकतो. आधी तो अरबी समुद्रावर होता. ताण वाढला तसा उत्तरेकडे चढत गेला: सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडाचा किनारा, मग न्यूयॉर्क. आई चष्मा लावून बघत होती. "आइसलँड? तिकडून कशाला?" असं तिनं विचारलं. भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं, म्हणून सगळे फसतात. गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून जाते, आणि उत्तर गोलार्धात लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात ती उत्तरेकडे वाकते.

धागा मोजला तर साडेएकोणतीस सेंटीमीटर. गुणिले 425, म्हणजे 12,500 च्या थोडं वर.

आता हेच आकड्यांनी. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशात बोट दाबून धरलं की मिळतात. मुंबई: 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ: 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची: 146.65. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. बेरीज 180 च्या वर गेली तर ती 360 मधून वजा करायची.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की साइन, कोसाइनची बटणं दिसतात. तो डिग्रीवर आहे ना, हे आधी बघा, कारण रेडियनवर असला तर उत्तर भलतंच येतं. मग या क्रमाने जा.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: 0.327 × 0.651 = 0.213.

दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन: 0.945 × 0.759 × (−0.835) = −0.599.

दोन्हींची बेरीज: −0.386. याचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण) काढला की 112.7 अंश येतात. पृथ्वीच्या बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे 111.2 किलोमीटर. गुणाकार केला की अंतर मिळतं, सुमारे 12,530 किलोमीटर.

धागा आणि गणित एकमेकांच्या इतके जवळ आले, तेव्हा माझ्या नववीतल्या भाच्याने धागा पुन्हा मोजून खात्री केली. एवढी आकडेमोड नको असेल तर संगणकावर गूगल मॅप्समध्ये उजवी कळ दाबून अंतर मोजण्याचा पर्याय आहे. तोही हेच उत्तर देतो. पण एकदा तरी हाताने करून बघा. मग कुठल्याही संकेतस्थळावरचा आकडा बरोबर आहे की नाही, ते लगेच कळतं.

जवळच्या ठिकाणांना याहून सोपी रीत चालते. अक्षांशांतला फरक गुणिले 111. रेखांशांतला फरक आपल्या भागात गुणिले 106. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि त्याचं वर्गमूळ. सोलापूर ते मुंबई विमानतळ असं काढलं तर सुमारे 360 किलोमीटर येतात, सोलापूर ते शमशाबाद सुमारे 270. पाचशे किलोमीटरपर्यंत ही रीत वापरायला हरकत नाही.

थेट आणि वळसा

आईचं तिकीट हैदराबाद–दुबई–न्यूयॉर्क असं होतं. लोकांना वाटतं, दुबईवरून म्हणजे केवढा वळसा! मांडून बघा. हैदराबाद ते दुबई 2,550 किलोमीटर, दुबई ते न्यूयॉर्क सुमारे 11,000. एकूण 13,550. हैदराबादहून न्यूयॉर्कचं सरळ अंतर 12,970 च्या आसपास येतं. फरक सहाशे किलोमीटरसुद्धा नाही, म्हणजे हवेतला पाऊण तास. आखातातून जाण्यात अंतराचं नुकसान जवळपास होतच नाही, वेळ जातो तो विमान बदलण्यात.

धाग्यावरची वाट आणि विमानाची वाट यांतही फरक असतो. आकाशाला देशांच्या हद्दी असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या फेऱ्या लांबल्या. अमेरिकी कंपन्या 2022 पासून रशियावरून उडत नाहीत. म्हणून एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची वेळ वेगळी दिसली तर गोंधळू नका.

अंतरावरून तास

मोठं जेट विमान वर स्थिरावलं की ताशी 900 किलोमीटरच्या जवळ जातं. चढणं, उतरणं, धावपट्टीकडे सरकत जाणं धरून माझी रीत अशी: अंतर भागिले 850, अधिक अर्धा तास. हैदराबाद–दुबई 2,550 भागिले 850 म्हणजे तीन, अधिक अर्धा, साडेतीन तास. दुबई–न्यूयॉर्क जवळपास तेरा, अधिक अर्धा, साडेतेरा. सोलापूरहून गोव्याला जाणारं पंख्याचं एटीआर विमान यापेक्षा हळू असतं. तिथे 450 ने भागा. गोव्याचं मोपा विमानतळ सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे पाऊण तासापेक्षा थोडं कमी, अधिक अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. सगळा मिळून तासाभराचा प्रवास.

आता वाऱ्याचा हिशोब. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट वारे म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना विमान या वाऱ्यांच्या विरुद्ध, येताना त्यांच्या सोबतीने. म्हणून दुबईहून न्यूयॉर्कला जायला साधारण चौदा तास आणि परत यायला साडेबारा. लांबच्या प्रवासात पश्चिमेला जाताना माझ्या उत्तरात अर्धा ते एक तास मिळवा, पूर्वेला येताना तेवढाच वजा करा. युरोपलाही हाच नियम, फक्त मिनिटं कमी.

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ, आकाशात झेपावण्याची नव्हे. तसंच पोचण्याची वेळ म्हणजे पार्किंगला येऊन थांबण्याची. दरवाजा सुटण्याच्या वेळेच्या आधीच बंद होतो. सामानाची खिडकी तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी साधारण तासभर आधी बंद होते, काही कंपन्यांची त्याहूनही आधी. "दहाचं विमान आहे, साडेनऊला पोचू" हे एसटीला चालतं, इथे नाही.

घड्याळांचा गुंता

खरा घोळ इथे होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. भारताचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, दुबईचं चार तास पुढे. न्यूयॉर्कचं उन्हाळ्यात चार तास मागे, हिवाळ्यात पाच तास मागे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. युरोपात ही अदलाबदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. विमान कंपन्यांची वेळापत्रकंही त्याच दोन रविवारी बदलतात. म्हणून मार्च किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस प्रवास असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी तिकिटाच्या वेळा पुन्हा बघाच.

उपाय सोपा आहे. सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून काढायच्या. आईच्या तिकिटाचं असं झालं (आकडे मी थोडे गोल केलेत):

हैदराबादहून निघणं: रात्री 10:00.
दुबईला पोचणं: तिथले रात्री 12:15, म्हणजे आपले पहाटे 1:45. प्रवास पावणेचार तास.
दुबईहून निघणं: तिथले 3:00, आपले पहाटे 4:30. मधे पावणेतीन तास.
न्यूयॉर्कला पोचणं: तिथले सकाळचे 9:00, आपले संध्याकाळचे 6:30. प्रवास चौदा तास.

रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहा, म्हणजे साडेवीस तास. पडताळा असा करायचा: 3:45 अधिक 2:45 अधिक 14:00. बरोबर 20:30. तिकिटावर जे अकरा तास दिसत होते, त्यात साडेनऊ मिळवले तरी हेच उत्तर.

तारखेचंही सांगते, कारण त्यात माणसं खरंच अडकतात. आमच्या एका नातेवाइकांचं विमान 15 तारखेला रात्री 12:40 चं होतं. ते 15 च्या रात्री जेवून आरामात विमानतळावर गेले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक विमानासमोर मी आता शब्दांत लिहिते: "14 च्या रात्री घरून निघायचं, 15 उजाडायच्या आत विमान." आकड्यांपेक्षा असं वाक्य डोक्यात राहतं.

विमान बदलण्याची जागा

इथे घाई नको. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील, तर पहिलं उशिरा पोचून दुसरं सुटल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मग धोका सगळा आपला. सोलापूर–मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर घेऊन त्याच दिवशी मुंबईहून परदेशाचं पकडणार असाल, तर मधे निदान सहा तास ठेवा. त्याच दिवशी पर्यायी विमान मिळेलच असं नाही. आई-वडिलांना पाठवताना तर मी आदल्या दिवशीच मुंबई गाठायला सांगेन. मुंबईत टर्मिनल एक विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल दोन सहारला, एकातून दुसऱ्यात जायला गाडी लागते. आता नवी मुंबईचंही विमानतळ झालंय, तेव्हा तिकिटावर नेमकं कोणतं नाव आहे ते वाचा.

एकाच तिकिटावर मधली वेळ किती असावी? तरुण माणसाला दोन तास चालतील. साठीपुढच्या माणसाला मी अडीच तासांच्या खाली घेत नाही आणि पाचच्या वर जाऊ देत नाही. दोन तासांत धावाधाव होते, आठ तासांत पाय सुजतात. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, राहून गेलं तर निदान 48 तास आधी. आईला चालता येतं, तरी मागितली. खुर्ची म्हटली की सोबत एक माणूस येतो, तो रांगा, दरवाजे, लिफ्ट सगळं पार करून देतो. इंग्रजीची अडचण असणाऱ्यांना ही मदत फार मोलाची आहे.

खिडकीवर सामान देताना बॅगेला चिकटवलेली पट्टी वाचा. त्यावर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं मोठी छापलेली असतात. आईच्या पट्टीवर केनेडी विमानतळाची अक्षरं होती, म्हणजे शेंगाचटणी आणि कडक भाकरीची बॅग थेट न्यूयॉर्कला. अमेरिकेत उतरून पुढे तिथलंच दुसरं विमान पकडायचं असेल, तर साधारणपणे पहिल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणी होते, बॅगा स्वतः उचलाव्या लागतात आणि परत द्याव्या लागतात. अशा तिकिटात मधे तीन तास तरी हवेत.

दारापासून दारापर्यंत

आता उलटं मोजत या. विमान रात्री दहाला. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे सातला. रस्ता सहा तास, वाटेत चहा-जेवणाला एक, म्हणजे दुपारी बारा. टायर पंक्चर, टोलनाक्याची रांग, पाऊस यांसाठी एक तास राखीव. घरातून सकाळी अकराला निघायचं.

तिकडे न्यूयॉर्कला विमान टेकल्यावर पासपोर्ट तपासणी आणि बॅगा मिळून दोन तास, पुढे एडिसनपर्यंत गाडीने एक तास. संध्याकाळचे साडेसहा अधिक तीन, रात्रीचे साडेनऊ, आपल्या घड्याळाने.

सकाळी अकरा ते दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊ: साडेचौतीस तास. त्यातले विमानात पावणेअठरा. म्हणजे निम्मा वेळ विमानाबाहेरच जातो.

हा एकूण आकडा डॉक्टरांनाही सांगा. आईला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला असते. मधे तीन देशांची घड्याळं आली की "सकाळ" कोणती, हेच कळत नाही. डॉक्टरांनी वाटेत भारतीय वेळेनेच गोळी घ्यायला सांगितलं, म्हणून तिच्या मनगटावरच्या घड्याळाला आम्ही हात लावला नाही. प्रत्येकाची औषधं वेगळी असतात, इन्सुलिन घेणाऱ्यांची तर फारच, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

शेवटी सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. डावीकडे "माझ्या घड्याळात", उजवीकडे "तिथल्या घड्याळात". खाली बहिणीचा पत्ता आणि दोन फोन नंबर इंग्रजीत, कारण ते दाखवायचे तिथल्या माणसांना. पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच सुताच्या धाग्याने तो आईच्या पर्सला बांधला. तशीच एक प्रत आमच्या फ्रीजवर.

बहिणीचा फोन सव्वादहाला आला. पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास जास्त गेला होता. परतीचा पुठ्ठा करताना आमच्या बाजूचे तास मी वेगळे मांडले, आणि तिकडे उतरणाऱ्यांसाठी आता त्या ओळीसमोर दोनऐवजी पावणेतीन तास लिहिते.